भट्टीच्या पाठीमागे

मी एक जुनी भट्टी आहे. लोखंड वितळवणारी नव्हे आणि विटा भाजणारी तर नव्हेच. मित्रांनो, तुमच्या फोनमध्ये, घड्याळात, घरातल्या पंख्याच्या बटणातसुद्धा हल्ली ज्या बारीकशा चिप बसवलेल्या असतात, त्या सिलिकॉनच्या गोल चकत्यांवर तयार होतात. त्या चकत्या भाजणारी मी भट्टी. माझ्या पोटात ज्वाळा नाही, धूर नाही, राख नाही. क्वार्ट्झची एक लांब पारदर्शक नळी आहे, तिच्याभोवती तारांची वेटोळी आहेत, आणि आत हजार अंशांची उष्णता असे. ‘असे’ म्हणते, कारण आता ती नाही.

खरे तर जन्मापासून सुरुवात करायची रीत आहे. पण मी आधी एका साध्या दिवसाबद्दल सांगणार आहे. तो शेवटचा साधा दिवस होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

त्या दिवशी माझ्या दारावर आणि आकडे दाखवणाऱ्या पाटीवर सरकारी सील होते. काम बंद होते, पण मला गरम ठेवले होते. दुपारी तो नेहमीप्रमाणे माझ्या मागच्या बोळात आला. कारखान्यात त्याला सगळे पारा म्हणत. माझे तापमान तो सांभाळायचा म्हणून हे नाव पडले की त्याचे स्वतःचे चटकन चढायचे म्हणून, यावर कॅन्टीनमध्ये दोन पक्ष होते. त्याने माझ्या कुशीवर पालथा हात टेकवला, एखाद्या मुलाचा ताप बघावा तसा, आणि उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसला. थोड्या वेळाने त्याची मुलगी आली. तिच्या गळ्यात आमचा कारखाना विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीचे निळे ओळखपत्र होते. ती त्यांची दुभाषी होती.

"या, दुभाषीबाई," पारा म्हणाला. "सोडलं का तुमच्या लोकांनी जेवायला?"

"टोमणे नंतर मारा, बाबा. आधी जेवा. आईने आज दोघांचा डबा एकत्रच भरलाय. म्हणाली, भांडायचं तर एका जागी बसून भांडा."

"तुझी आई सरकारपेक्षा हुशार आहे."

दोघे जेवली. जेवताना फक्त डब्याच्या झाकणांचा आवाज होता. मग त्याने विचारले, "एक विचारू?"

"नका विचारू."

"त्या चाचणीच्या दिवशी मी काचेपलीकडून हात करत होतो. पाहुण्याने तुला काहीतरी विचारलं. तू काहीतरी सांगितलंस आणि तो हसला. काय सांगितलंस?"

"खोलीतलं बोलणं बाहेर सांगायचं नाही, असं मी लिहून दिलंय, बाबा."

"मी बाहेरचा?"

तिने गळ्यातले ओळखपत्र उलटे केले.

"त्यांना माहीत तरी आहे का, तू कोणाची मुलगी ते?"

"चौकशी संपू दे. मग सगळं सांगते."

"चौकशी!" तो हसला. "ती काय संपते होय?"

"संपेल."

"बरं," तो म्हणाला.

त्याने डबा पुसून बंद केला. माझ्या बाजूचा एक पत्रा सैल झाला होता, त्यावर बोटाने टकटक केली. "हा उद्या आवळतो," असे मला म्हणाला की तिला, कोण जाणे. मग तो गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याचा जुना सोबती, गॅसच्या नळ्यांचे काम बघणारा गॅसमामा, एकटाच बोळात आला आणि टोपी हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. मग माझ्या नळ्यांना सांगावे तसे म्हणाला, "गेला गं. पहाटे. बायको चहा ठेवायला उठली, तर हा झोपेतच." त्याने पाना काढला आणि तो सैल पत्रा आवळला.

आता जन्माची गोष्ट सांगते. ती ऐकून तुम्हाला गंमत वाटेल, कारण पुढे ज्या परक्यांपासून मला वाचवायची एवढी धडपड झाली, मी मुळात त्यांच्यातलीच. माझा जन्म दूरच्या एका देशातल्या कार्यशाळेत झाला. लाकडी पेट्यांत भुसा भरून मला बोटीने इथे आणले. माझ्या पाठीवर अजून एक पितळी पाटी आहे, परक्या भाषेतली. मला जोडायला आलेल्या माणसांत पारा होता. तेव्हा त्याचे केस दाट होते आणि पाना कसा धरावा यावरून तो वरिष्ठांशी वाद घालत होता.

माझी मांडणी जरा निराळी आहे. माझे तोंड एका खोलीत आणि पाठ दुसरीकडे. तोंड असते क्लीनरूममध्ये. तिथे धुळीचा कणही चालत नाही, म्हणून माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात असतात, फक्त डोळे उघडे. तिथे सगळे हळू चालतात आणि मोजके बोलतात. पाठ मात्र भिंतीच्या पलीकडे, एका अरुंद बोळात. तिथे गॅसच्या नळ्या, वायरी, गुणगुणणारे पंखे. पंख्यांच्या आवाजात बोललेले दोन हातांवर ऐकू जात नाही. त्यामुळे ज्याला काही खरे बोलायचे असेल तो माझ्या पाठीमागे येई. समोर माझी स्तुती होई आणि मागे मी सत्य ऐके.

माझे काम असे. क्वार्ट्झच्या एका लांबट तबकात चकत्या उभ्या रांगेत लावत. त्या तबकाला सगळे होडी म्हणत. होडी हळूहळू माझ्या पोटात सरकवायची, प्राणवायू आणि वाफ सोडायची आणि वाट बघायची. चकतीवर एक पातळ थर चढतो. तो किती चढला, हे तिच्या रंगावरून कळते. आमच्या चकत्यांना मोरपंखी निळा रंग यायला हवा. थर जरा कमी पडला की त्या वांग्यासारख्या जांभळ्या दिसतात आणि मग त्या फेकायच्या लायकीच्या.

होडीच्या दोन्ही टोकांना मात्र खऱ्या चकत्या कधी लावत नाहीत. टोकांना वारा आणि गॅस वेडावाकडा लागतो. म्हणून तिथे जुन्या, बिनकामाच्या चकत्या उभ्या करतात. आमच्याकडे त्यांना राखणदार म्हणत. त्या झळ सोसतात, पण त्यांची चिप कधी होत नाही. पुनःपुन्हा भाजून त्यांच्यावर सगळे रंग चढलेले असतात. नव्या माणसाला पारा पहिल्या दिवशी राखणदारच दाखवी आणि म्हणे, "यांना हसायचं नाही. हे कडेला उभे आहेत म्हणून मधले नीट निघतात."

ते दिवस चांगले होते, मित्रांनो. मोरपंखी होड्या मागून होड्या निघत. एकदा मोठे साहेब आले आणि माझ्या शेजारी उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतला. तो फोटो जिन्याजवळ लावला होता. त्यात पाराचे फक्त कोपर आले होते. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "ते कोपर माझं."

सुट्टीच्या दिवशी काम असले की त्याची लहानगी मुलगी डबा घेऊन यायची. क्लीनरूमला एका बाजूने काच आहे, पाहुण्यांनी बाहेरून बघावे म्हणून. मुलगी त्या काचेला नाक लावून उभी राही. पोशाखातल्या सगळ्या पांढऱ्या माणसांतून ती बापाला बरोबर ओळखी. मग बोटे जुळवून तोंडाकडे नेई. जेवायची वेळ झाली. आतून तो बोटे दाखवी. तीन बोटे म्हणजे तीन मिनिटांत होडी बाहेर येते, मग आलोच. काच जाड होती, आवाज जात नसे, पण दोघांचे कधी अडले नाही.

जेवण माझ्या पाठीमागे. तिथे खायला मनाई होती आणि ते सगळ्यांना माहीत होते. जेवता जेवता तिचे लक्ष माझ्या पितळी पाटीकडे गेले. "बाबा, हे काय लिहिलंय?"

"मला काय ठाऊक? तूच शीक आणि मला वाचून दाखव."

ती खरेच शिकली ती भाषा. आधी पाटीपुरती. एक दिवस बोट ठेवून तिने वाचले, "सावध राहा. पृष्ठभाग गरम आहे." पारा इतका हसला की त्याला ठसका लागला. "एवढी वर्षं हात पोळून जे कळलं, ते इथे लिहिलेलंच होतं म्हणायचं!" मग तो माझी सगळी माहितीपुस्तके तिच्याकडून वाचून घेऊ लागला. जी भाषा तिने पुढे पोटापाण्याला लावली, तिची सुरुवात माझ्या पाठीवर झाली आहे. ही गोष्ट मी मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे जे घडले त्यात मलाही माझा वाटा टाळता येत नाही, एवढेच.

मग माझे दिवस उतरले. इतर देशांत माझ्याहून कितीतरी मोठ्या भट्ट्या आल्या. त्यांच्यात माणसाचा हात लागतच नाही म्हणे. आमच्याकडच्या होड्या कमी झाल्या. क्लीनरूममधले अर्धे दिवे बंद राहू लागले. पारा रिकामी नळी तापवून बसे, कारण तापलेली क्वार्ट्झची नळी पूर्ण थंड केली की तडकते. काम नसले तरी तिला ऊब द्यावीच लागते.

आणि एक दिवस बोळात बातमी आली. गॅसमामा म्हणाला, "विकतायत."

"काय?"

"कारखाना. परदेशी कंपनीला."

पारा जागचा उठला. त्या दिवसापासून तो पुन्हा तरुण झाला. एवढी वर्षे ज्या भट्टीला कोणी विचारत नव्हते, तिला पळवायला समुद्रापलीकडून माणसे येत आहेत, या विचाराने त्याची झोप उडाली आणि चेहऱ्यावर तेजही आले. आणि खरे सांगते मित्रांनो, मलाही आतून बरे वाटले.

खरेदीआधीची पाहणी करायला पाहुणे आले. त्यांच्यातला एक उंच अभियंता माझ्यासमोर वारंवार थांबे. पारा आणि गॅसमामा मागच्या बोळातल्या लहान काचेतून त्याच्यावर नजर ठेवत.

"बघ, बघ. डोळ्यांनी मापं घेतोय."

"अरे, चष्मा पुसतोय तो."

"चष्म्यातच कॅमेरा असतो हल्ली."

"मग पुसतोय कशाला? फोटो धुऊन निघतील."

"तू हस. उद्या ही भट्टी नेली की तुझ्या नळ्या काय हवेत लावणार?"

संशय एकट्या पाराला नव्हता. असा कारखाना परक्यांना विकायचा तर सरकारची परवानगी लागते. चिप फक्त फोनमध्ये नसतात, त्या विमानांत असतात, लष्कराच्या यंत्रांत असतात. त्यामुळे कोण घेतो, कशासाठी घेतो, पुढे काय नेईल, हे सरकार तपासते. त्यासाठी एक सरकारी बाई आल्या. करडे केस, हळू आवाज, आणि समोरचा बोलायचा थांबला तरी त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहायची सवय. माणसे घाबरून आणखी चार वाक्ये बोलून जात. पाहुण्यांना वाटे बाई साहेबांना फितूर आहेत, साहेबांना वाटे त्या आपली विक्री मोडायला आल्या आहेत, आणि कामगारांना वाटे दोन्ही. कॅन्टीनमध्ये माणसे पाठ भिंतीला लावून बसू लागली.

त्यातच एके सकाळी पाहुण्यांबरोबर एक नवे माणूस क्लीनरूममध्ये आले. पांढरा पोशाख, फक्त डोळे उघडे. ते पाहुण्यांचे बोलणे आपल्या भाषेत सांगत होते आणि आपले त्यांच्या. काचेबाहेर पाराचा चेहरा उतरला. मागच्या बोळात तो गॅसमामाला म्हणाला, "आपल्या पोरीची चाल मला ओळखू येत नाही होय?"

"तिने सांगितलं नव्हतं?"

"एका मोठ्या कामाला लागलेय म्हणाली. सांगता येत नाही म्हणाली. मला वाटलं, लग्नाचं काही असेल."

त्यानंतर घरात काय झाले ते मला ठाऊक नाही. बोळात मात्र बाप आणि मुलगी परक्यांसारखी बोलू लागली. आणि पाराने ते केले, जे फक्त त्याच्यासारखा माणूस करू शकतो.

माझ्या तोंडाशी एक पाटी आहे, तिच्यावर आतल्या उष्णतेचा आकडा दिसतो. पाटीमागे एक लहानसा स्क्रू आहे, आकडा खऱ्याशी जुळवण्यासाठी. पाराने तो फिरवला. आता पाटीवर आकडा खऱ्यापेक्षा तीस अंश जास्त दिसू लागला. आत नऊशे सत्तर, बाहेर हजार. पाहुणे बघतील, मनात टिपून नेतील, आणि आपल्या देशात जाऊन त्या आकड्यावर चकत्या भाजतील तर सगळ्या बिघडतील, असा त्याचा हिशेब. आपण स्वतः होडी लावताना तो तेवढे अंश वाढवून लावी. चकत्या मोरपंखी निघत. हे फक्त गॅसमामाला ठाऊक होते. तो म्हणाला, "तुझा हात मोडला तर?"

"तर जो होडी लावेल त्याला तू सांग."

"आणि मी विसरलो तर?"

"तर ते जिंकले."

मग सरकारी बाईंनी अचानक एक चाचणी ठरवली. कारखान्याची यंत्रे नीट चालतात की किंमत वाढवण्यासाठी नुसता देखावा आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते. सकाळीच हुकूम आला, कारखान्याच्या कोणत्याही माणसाने यंत्राला हात लावायचा नाही. होडी लावणार सरकारचा तंत्रज्ञ. पाहुण्यांच्या बाजूने उंच अभियंता आणि दुभाषी, एवढीच माणसे आत. बाकी सगळे काचेबाहेर.

सरकारी तंत्रज्ञाने छापील पद्धतीप्रमाणे आकडा लावला, बरोबर हजार. माझ्या आत तर नऊशे सत्तरच होते. मी काय करणार? मला बोलता येत नाही. मी जेवढी तापले होते तेवढीच तापले.

काचेबाहेर पाराला आता सगळे उमगले होते. तो गर्दीतून पुढे घुसला. काचेला नाक लावले. त्याने तीन बोटे वर केली, मग मूठ मिटली, पुन्हा तीन बोटे. तीस. तीस. त्याची मुलगी माझ्या तोंडाशी उभी होती. तिने मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिले.

उंच पाहुण्यानेही पाहिले. त्याने बोटाने काचेकडे दाखवत तिला काहीतरी विचारले. ती त्यांच्या भाषेत दोन लहान वाक्ये बोलली. पाहुणा हसला, त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, मान डोलावली आणि पुन्हा माझ्याकडे वळला.

ती काय बोलली ते मला समजले नाही. माझा जन्म त्या भाषेच्या मुलखातला, पण मी इथे एवढी वर्षे राहिले की ती भाषा माझ्या पाठीवरच्या पाटीपुरती उरली आहे. मला फक्त तो हसलेला दिसला. काचेबाहेर पाराला पण तेवढेच दिसले. त्याने बोटे खाली घेतली. मित्रांनो, मलाही तेव्हा तिचा संशय आला.

होडी बाहेर आली. चकत्या जांभळ्या होत्या.

त्या दुपारी माझ्या पाठीमागे रांग लागली. आधी साहेब आले, हिशेबनिसाला घेऊन. "त्या पाहुण्यांचंच काम आहे. भाव पाडायला." मग सरकारी बाई आल्या, आपल्या तंत्रज्ञाला हळूच म्हणाल्या, "मालकांनीच केलं असेल. कारखाना मोडकळीला आलाय असं दाखवलं की सरकार घाईने मंजुरी देतं." मग कामगार. त्यांच्या मते साहेब आणि बाई दोघे मिळालेले होते. सगळ्यांत शेवटी पारा आला आणि भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. त्याच्यावर संशय घेणे कोणाच्याही मनात आले नव्हते. त्याचे या भट्टीवर किती प्रेम आहे, ते सगळ्यांना माहीत होते.

संध्याकाळी मुलगीही आली. एकटी. तिने माझ्या पितळी पाटीवर हात ठेवला आणि भाजल्यासारखा मागे घेतला.

चौकशी बसली. मला सील ठोकायचे आणि पूर्ण बंद करायचे, असा हुकूम आला. पारा धावत सरकारी बाईंकडे गेला. त्या माझ्यासमोरच उभ्या होत्या.

"बाई, बंद करा, सील करा, पण थंड करू नका. नळी तडकेल."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. तो पुढे बोलला नाही, मग त्यांनाच विचारावे लागले. "तुम्हाला ही गरम ठेवण्यात एवढा रस का?"

"पुरावा आहे ना हा? तडकलेला पुरावा तुम्हाला चालेल?"

"तुम्ही यंत्राची काळजी करताय की पुराव्याची?"

"मला दोन्ही एकच, बाई."

बाईंनी थोडा विचार केला आणि ऊब ठेवायची परवानगी दिली. रोज एकदा येऊन बघायची जबाबदारी पारावरच टाकली, पण यंत्राचे काहीही न फिरवता. पाटीवरही सील होते, त्यामुळे तो स्क्रू आता त्याला परत फिरवता येणार नव्हता. एकदा तो गॅसमामाला म्हणाला, "मी जाऊन सांगून टाकतो, मीच केलं म्हणून."

"सरकारची चाचणी बिघडवली म्हणून नोकरी जाईल. वर खटला. वहिनींचं काय? आणि पोरीचं काय? बाप असा निघाला म्हटल्यावर तिला कोण ठेवेल?"

"तिनेच सांगितलं असेल तर?"

"सांगितलं असतं तर तू अजून इथे असतास का?"

पण त्या प्रश्नाने पाराचे समाधान झाले नव्हते. माणूस पकडला गेला नाही म्हणजे कोणी त्याला वाचवले असेलच, असे थोडेच आहे? पाहुणा का हसला, एवढेच त्याच्या डोक्यात राहिले. म्हणून त्या शेवटच्या साध्या दिवशी त्याने तिला विचारले आणि तिने सांगितले नाही. ती का गप्प राहिली, हे मला त्यानंतर हळूहळू समजले. खोटे बोलताना पाराचे कान लाल होत. सरकारी बाईंसमोर त्याला उभे केले असते आणि तुमच्या मुलीने काय सांगितले असे विचारले असते, तर त्याला ते ठाऊक नसणेच बरे होते. चौकशी संपेपर्यंत तिला थांबायचे होते. तिने सगळ्याचा विचार केला होता. पहाटेचा केला नव्हता.

चौकशी संपली ती तो गेल्यानंतर. तंत्रज्ञाला माझ्या पाटीचा आकडा तीस अंश चुकीचा आढळला. निष्कर्ष निघाला, यंत्र जुने असून विश्वसनीय नाही. दोष माझ्यावर आला. एवढ्या वर्षांत एकही होडी मी माझ्या चुकीने बिघडवली नव्हती. पण मला बोलता आले असते तरी मी बोलले नसते.

मग विक्रीला परवानगी मिळाली, अटींसह. कारखान्यातले कोणतेही यंत्र ठरलेली मुदत संपेपर्यंत देशाबाहेर न्यायचे नाही, हलवायचेही नाही. पाराला केवढा आनंद झाला असता! पण नव्या मालकांनी त्या अटीला एका शब्दाने हरकत घेतली नाही, आणि तेव्हाच मला शंका आली. गॅसमामाला राखणीला ठेवले होते. तो एके दिवशी बोळात येऊन म्हणाला, "त्यांना गिऱ्हाइकं हवी होती गं. आपली सगळी गिऱ्हाइकं त्यांच्या तिकडच्या कारखान्याला जोडली आणि झालं. तुला कोणी पळवणार नव्हतं. तुझी बिचारीची तर आठवणही नव्हती कोणाला."

तो उंच पाहुणा माझ्यासमोर का थांबायचा, तेही त्याने सांगितले. क्लीनरूममध्ये गारठा असतो. माझ्यापुढे उभे राहिले की हातांना ऊब लागते.

नव्या मालकांचा पहिला हुकूम विजेबाबत होता. न वापरलेली यंत्रे बंद करा. गॅसमामाने चार ठिकाणी जाऊन सांगितले, पण त्याच्याकडे सरकारी बाई नव्हत्या आणि पाराचा आवाज नव्हता. खटका खाली पडला. आठशे अंश, पाचशे, दोनशे. मग आतून एक आवाज आला, फार मोठा नव्हता. कोणी तरी खोलीत काचेचा पेला ठेवावा तेवढा. माझी नळी टोकापासून टोकापर्यंत तडकली होती.

मला सुरक्षित ठेवण्यासाठी एवढे सील, एवढे हुकूम, एवढे पहारे. सगळ्यांनी मला कोणी नेऊ नये याची काळजी घेतली. मी गरम राहावे याची काळजी करणारा एकच होता.

मुदत काल संपली. आज सील काढले. उद्या भंगारवाले येणार आहेत. आज दुपारी गॅसमामा पाराच्या मुलीला घेऊन आला. तिच्या केसांत थोडे पांढरे दिसत होते. गळ्यात कोणतेही ओळखपत्र नव्हते. ते काम तिने केव्हाच सोडले, असे त्यांच्या बोलण्यात आले. गॅसमामाने माझ्या तोंडातून एक राखणदार काढला. पहिल्यापासून टोकाला उभा असलेला, निळा, सोनेरी, हिरवा, जांभळा, सगळे रंग चढलेला. तो त्याने तिच्या हातात दिला.

"यांना हसायचं नाही, मामा?" तिने विचारले.

"नाही हसायचं," तो म्हणाला. मग नळ्या तपासायच्या आहेत असे काहीतरी पुटपुटत बोळातून निघून गेला. त्या नळ्यांत कित्येक वर्षांत गॅस नव्हता.

मित्रांनो, उद्या मी नसेन म्हणून तुम्हाला एकच मागणे मागते. जे गरम आहे ते एकदम थंड होऊ देऊ नका. यंत्र असो की माणूस. त्याला कुलपे लावून सुरक्षित ठेवता येते असे समजू नका. त्याच्याजवळ रोज कोणीतरी जावे लागते, पालथा हात लावून बघावे लागते. आणि काही सांगायचे राहिले असेल, तर चौकशी संपायची वाट बघू नका.

ती उलट्या खोक्यावर बसली, त्याच्या जागेवर. पंखे बंद होते, त्यामुळे बोळ इतका शांत होता की तिचा श्वास ऐकू येत होता. तिने माझ्या थंड पाठीवर हात ठेवला. या वेळी तो मागे घेतला नाही.

"चौकशी संपली, बाबा," ती म्हणाली.

तिने तो राखणदार मांडीवर ठेवला.

"तीन बोटं मला दिसली होती. तीस. मला तिथेच कळलं. त्याने विचारलं, काचेपलीकडचा तो माणूस काय म्हणतोय. मी सांगितलं, ते माझे वडील आहेत. म्हणतायत, जेवायची वेळ झाली."